शेट्यांचा ठसा

शकुनबाईंना डाग दिला तेव्हा बाहेर दुर्गापूजेचे ढोल, ढाक, वाजत होते. कलकत्त्यातली त्यांची ती पहिलीच पूजा. भवानीपूरच्या भाड्याच्या घरात खंडेनवमी मांडली होती. पाटावर अडकित्ता, कात्री, मामंजींचं फाउंटन पेन, जुना तराजू आणि या सगळ्यांच्या मधोमध हातभर लांबीचा एक लोखंडी दांडा. दांड्याच्या टोकाला चंद्रकोर आणि तिच्या पोटात ठिपका. त्याला घरात ठसा म्हणत.

"सूनबाई, बसा," मामंजी म्हणाले आणि शकुन बसली. वय वीस. यातलं काही तिला माहेरच्यांनी सांगितलं नव्हतं, कारण माहेरच्यांनाही ते ठाऊक नव्हतं. धाकट्या दिराने हसत हसत गुळाचा खडा तोंडात घातला, तो एवढा मोठा की जीभ हलेना. मग कुणी तिचा डावा हात उताणा करून धरला, कुणी पाठीत गुडघा रोवला, आणि बोडक्या कपाळाच्या आजेसासूबाई स्वयंपाकघरातून ठसा घेऊन आल्या. तो लाल झाला होता. मनगटाच्या वर, जिथे कातडी सर्वांत मऊ असते, तिथे त्यांनी तो टेकवला आणि हळूच दाबला. चरचर असा आवाज झाला. शकुनला आधी वास आला आणि कळ नंतर आली. तिने गूळ गिळला की थुंकला, हे तिला पुढे कधी आठवलं नाही.

"झाली घरची," मामंजी म्हणाले.

त्या संध्याकाळभर सासूबाई, वासंतीबाई, तिच्या उशाशी बसून होत्या. लोणी लावत होत्या, फुंकर घालत होत्या, पुरणाचा घास भरवत होत्या. "माझ्या आईनेसुद्धा मला इतकं जपलं नसतं," असं शकुनबाई पुढे कितीतरी वर्षं सांगत. हळदीकुंकवाला आलेल्या बँकवाल्यांच्या, रेल्वेवाल्यांच्या बायकांना त्या पदर सारून डाग दाखवत. सगळ्या शहारत आणि हसत. शकुनबाईही हसत. भवानीपूरचं ते घर, कोळशाच्या शेगडीचा धूर, वासंतीबाईंची फुंकर, हे सगळं त्यांच्या मनात एका जागी गोठलं होतं आणि त्याच्या मधोमध तो डाग होता. त्याच्याशिवाय त्यांना ते घर आठवताच येत नसे.

शेट्यांच्या घरात बाहेरून आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्या खंडेनवमीला ठसा द्यायचा, अशी रीत होती. कारणही छान होतं. मूळ पुरुष भिकाशेट हा नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर बैलांचे तांडे घेऊन बंगालात आलेला व्यापारी. त्याच्या बैलांवर हा ठसा असे. लक्ष्मी बैलांच्या पाठीवरून घरात आली, म्हणून तोच ठसा घरच्या लक्ष्मीला. डाग द्यायचा तो घरातल्या सर्वांत वडील बाईने. वासंतीबाईंनी निर्मलाला, म्हणजे शकुनबाईंच्या सुनेला दिला. आता वासंतीबाई नव्हत्या, शकुनबाईंचे यजमान शरच्चंद्रही नव्हते. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या फ्लॅटमध्ये सर्वांत वडील शकुनबाईच होत्या, आणि नातू चिन्मयचं लग्न वैशाखात झालं होतं.

नातसून आभा. वडील हावड्याला रेल्वेत, जन्म इथलाच. मराठी बोलायची, पण घरातल्यांना हसू फुटेल अशी. "आजी, तुम्ही जेवण खाल्लं का?" म्हणायची. संतापली की बंगालीत जायची. ठशाचं ऐकल्यावर लग्नाआधी ती म्हणाली होती, "टॅटूच तर आहे. माझ्या मैत्रिणींनी पैसे देऊन काढलेत." शकुनबाईंना पोरगी आवडली होती.

शकुनबाईंचा मुलगा उदय कंपनीतून निवृत्त झाला आणि कुलवृत्तांताच्या मागे लागला. नागपूर, अमरावती, वर्धा, इंदूर, सगळ्या शाखांना फोन. कोण कुठे, कुणाची मुलगी कुणाला दिली, कोण अमेरिकेत. चुलतभाऊ प्रकाशने छपाईचा खर्च उचलला होता. दसऱ्याला कलकत्त्यातच महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये प्रकाशन. ज्या मुलखात भिकाशेटने नाव काढलं तिथेच. राहिलं होतं फक्त मुखपृष्ठ, आणि ते उदयला अचानक सापडलं. काटवा शहराच्या अलीकडे एका गावात विटांचं जुनं देऊळ होतं, भिंतींवर भाजल्या मातीची चित्रं. त्यातल्या एका चित्राचा धूसर फोटो त्याला एका बंगाली मित्राने पाठवला. पगडीवाला माणूस, शेजारी लादलेला बैल, बैलाच्या गोणीवर चंद्रकोर आणि ठिपका. समोर खाली बसलेली एक बाई, तिचा हात पगडीवाल्याच्या हातात.

"चुडा भरतोय तो!" उदय हर्षाने ओरडला. "आई, बघ. बंगालच्या लेकीला चुडा भरणारा आपला भिकाशेट! आणि इथले लोक आपल्याला बर्गी, लुटारू मराठे, म्हणून हिणवतात. ऑफिसात किती ऐकून घेतलंय मी! आता दाखवतो एकेकाला."

निर्मला म्हणाली, "पण बांगड्यांचा व्यापार होता का आपला?"

"सगळ्याचाच होता. व्यापारी माणूस!"

नीट फोटो काढायला म्हणून सगळे निघाले. गाडी चिन्मय चालवत होता. शकुनबाईंना नेण्यासारखं नव्हतं, पण त्या हट्टाने आल्या. भातशेतं, तळी, कमळं. उदय वाटेत मथळा जुळवत होता.

देऊळ लहान होतं. पुजाऱ्याने एक खुर्ची आणून दिली. शकुनबाई भिंतीच्या इतक्या जवळ बसल्या की चित्रं हाताला लागावीत. वितीएवढ्या एकेका चौकटीत कोरलेलं सगळं. घोडेस्वार. झोपडीच्या छपराला लावलेली चूड. एका म्हाताऱ्याला दोघांनी झाडाला उलटं बांधलेलं, तिसरा त्याचं नाक कापतोय. भाल्यावर उचललेलं मूल, इतकं छोटं, तरी कोरणाऱ्याने बोटं करायचंही सोडलं नव्हतं. मग बायका. गळ्यात एकच दोर, एकीमागे एक, पुढचीच्या पाठीवर मागचीचं कपाळ. शकुनबाईंनी चष्मा पुसला. मारणाऱ्यांचे चेहरे रागीट नव्हते. हे त्यांनी पूर्वीही पाहिलं होतं. सत्तर सालच्या नक्षलवादी धामधुमीत खिडकीखालच्या गल्लीत चौघांनी एका पोराला धरून भोसकलं होतं. त्यांच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. काम उरकायचं असतं तसे चेहरे होते.

दोराच्या शेवटी पगडीवाला होता.

तो चुडा भरत नव्हता. त्याने बाईचा हात पिरगाळून उताणा धरला होता. दुसऱ्या एकाचा गुडघा तिच्या पाठीत होता. तिचे गाल फुगलेले होते, तोंडात काहीतरी कोंबलं होतं. शेजारी शेगडी, आणि शेगडीपाशी एक म्हातारी. हातात बांगडी नाही, कपाळ कोरं. तिच्या हातात दांडा होता आणि दांड्याच्या टोकाला चंद्रकोर. मागे बसलेल्या, आधीच उरकलेल्या बायका हात छातीशी धरून होत्या, आणि प्रत्येकीच्या मनगटाच्या वर तेच चिन्ह होतं. बैलाच्या अंगावर काहीच नव्हतं. नुसत्या गोणीवर.

पुजारी बंगालीत सांगत होता, "हे बर्गी. आणि हा त्यांच्या फौजेतला दुकानदार. पोरी विकत घ्यायचा. काही नदीतून होड्यांवर चढवल्या, फिरंग्यांना विकल्या. काही तिकडे घेऊन गेला. परत कुणीच आली नाही म्हणतात."

आभा चित्रासमोर उभी होती. तिने शकुनबाईंच्या हाताकडे पाहिलं, मग चित्राकडे, मग पुन्हा हाताकडे. तिने आपलं डावं मनगट मुठीत धरलं आणि ती देवळामागे गेली.

गाडी हमरस्त्याला लागली. मग उदय म्हणाला, "हे द्वेषाने कोरलंय. हरलेले लोक असंच कोरतात."

"बाबा, पण सेम आहे सगळं," आभा म्हणाली. "गुडघा पण."

"काय सेम? चिन्ह कुणीही पाहिलेलं असेल बाजारात. त्यावरून रचलं."

"उदय," शकुनबाई म्हणाल्या, "ती म्हातारी?"

"कोण म्हातारी?"

"ठसा देणारी. द्वेषानं कोरणारा माणूस पुरुषाच्या हातात दांडा देईल. चांगला दांडगा राक्षस करेल. म्हातारी त्याला कशी सुचली?"

उदय खिडकीची काच वर करू लागला.

"आणि आपल्याकडे शुभकार्यात विधवेला कुणी हात लावू देत होतं का रे? ओटी भरायला चालत नव्हतं, अक्षता टाकायला चालत नव्हतं. मग नव्या नवरीला ठसा द्यायला मात्र आजेसासूबाई कशा चालल्या? भटजी नाही, मंत्र नाही, घरच्या लेकींना नाही. बाहेरून आणलेल्यांनाच." शकुनबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "इतकी वर्षं हे माझ्या डोक्यात आलं नाही."

"आई, पुरे," निर्मला म्हणाली. "तुम्हाला काय, तुम्ही सगळं हौसेनं मिरवलंत. आता म्हातारपणी शंका?"

"मला नाही घ्यायचं ते," आभा म्हणाली.

चिन्मय समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला.

मुखपृष्ठावर शेवटी गणपती टाकला. चित्राविषयी एक ओळही आत जाणार नाही असं उदय आणि प्रकाशचं फोनवर ठरलं. पण ठशाचं काय? कुलवृत्तांतात त्यावर अख्खं प्रकरण होतं, "आमची अनोखी परंपरा" म्हणून, आणि सहा शाखांचे लोक ती बघायला येणार होते. आता मोडली तर का मोडली हे सांगावं लागणार. उदय रोज आभाशी बोलायला बसे. तो वाईट माणूस नव्हता. शकुनबाईंना हेच अवघड जात होतं. तो तिला सफरचंद कापून देई आणि मग म्हणे, "बेटा, एक मिनिटाचं काम."

"विकत आणलेल्या बाईचं काम, बाबा."

"तुला कुणी विकत आणलंय का? उलट तुझ्या वडिलांना एक पैसा मागितला नाही आम्ही."

अखेर षष्ठीला तो म्हणाला, "बरं, गार लोखंड टेकवू. नुसतं शास्त्रापुरतं. फोटो निघेल, लोकांचं समाधान होईल. मग तर झालं?"

चिन्मयने रात्रभर तिची मनधरणी केली असावी. सकाळी आभा शकुनबाईंच्या खोलीत आली. "आजी, ठसा तुमच्या हातात राहणार ना? गार राहणार ना?"

"माझ्या हातात राहणार," शकुनबाई म्हणाल्या. "गार राहील."

नवमीला बेहालाचा रस्ता पहाटेपासून माणसांनी फुलला होता. खालच्या मंडपात ढाक कडाडत होते, धूप जिन्यातून वर येत होता. बैठकीत नातेवाईक दाटीवाटीने बसले होते. मोठ्या ऐटीत आलेला प्रकाश सगळ्यांत पुढे. चिन्मयकडे फोटोचं काम होतं, तो मोबाइल घेऊन भिंतीपाशी उभा. आभा हिरव्या साडीत पाटावर बसली, मांडीवर हात.

शकुनबाई ठसा आणायला आत गेल्या आणि दारातच थांबल्या. निर्मलाने तो गॅसच्या मोठ्या शेगडीवर धरला होता. चंद्रकोर नारिंगी झाली होती.

"निर्मला! गार ठरलं होतं."

"गार लोखंडानं कोण घरचं होतं?" निर्मला वळली नाही. "मला गार नव्हतं लावलं. तुम्हाला गार लावलं होतं?"

"त्या पोरीला शब्द दिलाय मी."

"तुम्ही दिलाय. आम्ही नाही." तिने दांड्याला फडकं गुंडाळलं, शकुनबाईंच्या हातात तो दिला आणि त्यांना जवळजवळ ढकलतच बैठकीत आणलं. "चला. थंड होईल. मग दोनदा लावावा लागतो."

आभाने लाल टोक पाहिलं आणि ती उठली. उठली म्हणण्यापेक्षा उसळली. उदयने तिचं मनगट पकडलं. "बस, बस, एक क्षण." प्रकाशने मागून खांदे दाबले. पाट उलटला, ती गुडघ्यांवर आपटली. कुणीतरी हसलं, लग्नात नवरी रुसली की हसतात तसं. बांगड्या फुटल्या, काच तिच्याच हातात घुसली आणि रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत गेला. प्रकाशने तिच्या पाठीत गुडघा टेकवला. निर्मलाने गुळाचा खडा तिच्या दातांवर दाबला. आभा कडकडून चावली. निर्मला किंचाळली, बोटातून रक्त आलं, तरी तिने खडा आत ढकलला.

"बाबा, सोडा ना," चिन्मय म्हणाला. पण तो जागचा हलला नाही आणि मोबाइलही खाली गेला नाही.

आभाने गूळ थुंकला. "छाडो!" ती ओरडली. "छाडो आमाके! छाडो!"

शकुनबाई दांडा धरून होत्या तिथेच थांबल्या. ही पोरगी घाबरून बंगालीत गेली होती, एवढंच होतं. पण या ठशासमोर पहिल्यांदा ओरडलेल्या बायका याच भाषेत ओरडल्या असणार. हेच शब्द. आणि कुणी दांडा खाली ठेवला नसणार. त्यांनी खोलीतले चेहरे पाहिले. उदय, प्रकाश, मागचे पाहुणे. कुणालाच राग आला नव्हता. सगळ्यांना फक्त हे उरकायचं होतं.

"आई, लाव," उदय म्हणाला. "धरलाय मी. लाव चटकन."

"उदय, हात सोड तिचा."

"आई, थंड होतोय तो."

"हात सोड."

"आता नाटक नको गं! सगळे बघताहेत!" त्याने आभाचं मनगट आणखी पिरगाळून उताणं केलं.

शकुनबाईंनी ठसा टेकवला. आभाच्या मनगटावर आवळलेल्या उदयच्या हातावर, अंगठ्याच्या मागच्या मांसल जागी. आणि हळूच दाबला, दाबायचा असतो तसा.

चरचर झाली. उदयने जी बोंब मारली ती खालच्या मंडपापर्यंत गेली असेल. हात सुटला. त्याने आंधळ्यासारखा दुसरा हात फिरवला, तो शकुनबाईंच्या तोंडावर बसला. ओठ फुटला. त्या भिंतीवर आदळल्या, पण दांडा त्यांनी टाकला नाही. प्रकाश उठून पुढे आला.

"काकू, वेड लागलं का तुम्हाला? द्या तो इकडे!"

"ये ना. ये पुढं." शकुनबाईंच्या हनुवटीवरून रक्त टपकत होतं. "अजून गरम आहे."

प्रकाश मागे सरला. पाहुण्यांतल्या एका बाईने पोराचे डोळे झाकले. आभा भिंत धरून उभी राहिली, आपल्या हाताकडे पाहत. काचेच्या जखमा होत्या, बाकी काही नव्हतं. तिने शकुनबाईंकडे एकदा पाहिलं आणि अनवाणीच दार उघडून जिना उतरली.

"आजी, मी काय करू?" चिन्मयने विचारलं.

"आधी ते यंत्र खाली ठेव."

बेसिनपाशी उदय हात पाण्याखाली धरून रडत होता, लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत. निर्मला नळ धरून उभी होती. तिच्या स्वतःच्या बोटातलं रक्त त्याच पाण्यात मिसळत होतं.

"मरतोय गं मी," उदय म्हणाला. "डॉक्टरला बोलवा कुणीतरी."

"दुखतंय?" निर्मलाने विचारलं.

"दुखतंय काय विचारतेस!"

"मला लावला तेव्हा हात तुम्हीच धरला होता," निर्मला म्हणाली. अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी. "नंतर अर्ध्या तासात मी पंगतीला जिलबी वाढली. तुम्ही म्हणालात, लवकर वाढ, लोक खोळंबलेत."

उदयने तिच्याकडे पाहिलं. निर्मलाने नळ बंद केला. मग ती बाहेरच्या खोलीत आली, दाराशी पडलेल्या चपलांमधून आभाच्या चपला शोधल्या आणि कुणाकडे न बघता खाली गेली.

शकुनबाई गॅलरीत आल्या. पदराने ओठ दाबून धरला होता. खाली गर्दी मंडपाकडे लोटत होती आणि आभा त्या गर्दीच्या उलट उभी होती, मेट्रोच्या जिन्याच्या कडेला, जखमी हात वर धरून. निर्मला तिच्यापासून चार हातांवर थांबली. जवळ गेली नाही. वाकून तिने चपला जमिनीवर ठेवल्या आणि मागे सरली. आभा कितीतरी वेळ त्या चपलांकडे बघत राहिली. लोक मधून जात होते, एकाने एक चप्पल चुकून लाथेने उडवली, निर्मलाने ती धावत जाऊन आणली आणि पुन्हा जोडीला ठेवली.

शेवटी आभाने चपला घातल्या आणि ती मेट्रोचा जिना चढू लागली. निर्मला तिच्या मागे गेली नाही. वरही आली नाही. ती तिथेच उभी होती, चावलेलं बोट तोंडात धरून.